बसम्माकाकूंचं फिल्टर

माझा धंदा फिल्टर दुरुस्तीचा. बीडला बार्शी नाक्याजवळ माझा गाळा आहे, पण गाळ्यावर मी सहसा सापडत नाही. मी मोटारसायकलवर असतो. मागे पान्यांची पिशवी, पुढे टाकीवर सामानाचं बोचकं. गावोगाव रस्त्याच्या कडेला ‘शुद्ध व थंड पाणी’ अशी पाटी लावलेली पत्र्याची शेड दिसते ना, तिच्यातलं यंत्र बंद पडलं की मला फोन येतो. चालू असलं की येत नाही. लोकांना माझी आठवण पाणी बंद पडल्यावर होते आणि ती शिव्यांनीच सुरू होते. “अजिनाथ, कुठं मेलास बे?” हे माझ्या फोनवरचं रोजचं वाक्य आहे. सवय झालीय.

बसम्माकाकूंचा फोन मात्र वेगळा असायचा. त्या आधी विचारायच्या, “जेवलास का?” मग घरचं सगळं विचारून व्हायचं, आणि फोन ठेवता ठेवता, जणू आत्ताच आठवलं अशा म्हणायच्या, “आन हे बघ, फिल्टर बंद हाय. सवडीनं ये.” फिल्टर बंद म्हणजे अर्धं गाव पाण्यावाचून, आणि ही बाई म्हणते सवडीनं ये!

मांजरसुंब्याहून सोलापूरच्या दिशेनं निघालं की चौसाळ्याच्या पुढे डाव्या हाताला एक रस्ता फुटतो. त्या रस्त्यावर त्यांचं गाव. नाव सांगत नाही, काकू रागावतील. गावाबाहेर एक साठवण तलाव आहे, त्याच्या काठाला काकूंचं शेत, शेतात फिल्टरची शेड आणि शेडला लागून दोन खोल्यांचं घर. काकू लिंगायत वाण्याच्या घरातल्या. त्यांचे मालक धोंडप्पा यांचं गावात किराणा दुकान होतं. धोंडप्पा म्हणजे बोलणारा माणूस. गिऱ्हाईक मीठ घ्यायला आलं तरी त्याच्या पोरीच्या सोयरिकीपर्यंत चौकशी करून मगच त्याला सोडायचे. लोक म्हणत, धोंडप्पाच्या दुकानात जायचं तर भाकरी बांधून जावं.

त्यांनीच हे फिल्टर टाकलं. तेव्हा बोअरला पाणी होतं. खारं होतं, पण नितळ होतं. यंत्राला तेवढंच हवं असतं. मग दुष्काळाच्या साली बोअर आटली आणि धोंडप्पांनी ग्रामपंचायतीची परवानगी काढून तलावातून पाइप आणला. तलावाचं पाणी चवीला गोड, पण गढूळ. शेवाळ, माती, गुराढोरांचं काय काय. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. ते कसंबसं मार्गी लावलं आणि एका सकाळी इष्टलिंगाची पूजा करता करता धोंडप्पा गेले. लिंगायतांत देह बसवून पुरतात. शेडच्या मागेच त्यांची समाधी आहे, वर बेलाचं झाड लावलंय. फिल्टरमधून जे टाकाऊ पाणी निघतं त्याची नळी काकूंनी त्या बेलाला सोडली. मी म्हटलं, “काकू, खारं पाणी हाय ते, झाड जळंल.” म्हणाल्या, “त्यास्नी चालतंय.” आणि खरंच, बेल चांगला फोफावला.

अमरनाथ, त्यांचा मुलगा, पुण्यात असतो. चांगला मुलगा आहे, उगाच नावं ठेवणार नाही. बाप गेल्यावर आईला तो पुण्याला घेऊन गेला होता. काकू तिथं काही महिने राहिल्या आणि परत आल्या. “तिथं कायबी तरास न्हाई,” त्या मला म्हणाल्या, “नळ सोडला की पाणी, बटन दाबलं की उजेड. निस्तं कुणी बोलायला न्हाई. आन तेंचा काय दोष? सांजच्याला येतात थकून, खातात, झोपतात.” मग अमरनाथनं इथं आईची सोय केली. फिल्टरला नाणं टाकायचा डबा बसवला. नाणं टाका, जार भरा, जा. आईला उभं राहायला नको.

झालं. डबा आला आणि बोलणं गेलं. आधी जार भरेपर्यंत माणूस ओट्यावर टेकायचं, काकू त्याला विचारायच्या, तो सांगायचा. आता पोरं मोटारसायकल चालूच ठेवून नाणं टाकतात, कानात वायरी, जार खांद्यावर आणि धूळ उडवत पसार. काकू तरी दारात उभ्या असायच्याच. कुणी वर बघितलंच तर विचारायच्या, “बरं हाय ना?” उत्तर यायच्या आत गाडी वळणावर गेलेली असायची. डबा मीच बसवला होता. मजुरी घेतली, आता बोलून काय उपयोग!

मेंब्रेन म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. उडदाच्या पापडाहून पातळ असे पडदे गुंडाळून एका नळकांड्यात बसवलेले असतात. मोटरचा जोर लावून पाणी त्यातून दाबून काढायचं. क्षार, घाण मागे राहते, पाणी पुढे जातं. हे मेंब्रेन म्हणजे घरातला नवा जावई. त्याच्या घासात खडा जाता कामा नये. म्हणून पाणी आधी हौदात घेऊन तुरटीनं निवळायचं, मग वाळूच्या टाकीतून गाळायचं, मग कोळशाच्या, मग पांढरा दोरा गच्च गुंडाळलेल्या एका जाड कांडीतून. एवढे सगळे पुढे उभे, तेव्हा कुठे जावयाच्या ताटात वाढायचं. यातलं एक जरी चुकलं तरी मेंब्रेनचे पडदे माखतात, काट्यावरचं प्रेशर चढत जातं, पाणी निघेनासं होतं आणि मग नवं मेंब्रेन. ते स्वस्त नसतं, एवढंच सांगतो.

धोंडप्पांची तुरटीची पद्धत घरच्या रांजणासारखी होती. तुरटीचा मोठा खडा सुतळीला बांधून पाण्यात फिरवत हौदाभोवती चालायचं. काकूंनी तीच चालू ठेवली. कधी कमी पडायची, कधी जास्त. जास्त झालेली तुरटीही मेंब्रेनवर जाऊन बसते, हे त्यांना पटत नव्हतं. “तुरटी जास्त झाल्यानं कुणी मेलंय का?” शेवटी मी त्यांच्या लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या ओट्यावर मांडल्या, सगळ्यांत तलावाचं पाणी भरलं आणि प्रत्येकीत थोडी थोडी वाढवत तुरटी घातली. जिच्यात कमीत कमी तुरटीत पाणी नितळ झालं, ते माप हौदाला धरायचं. हा खेळ त्यांना भारी आवडला. पाऊस पडून पाण्याचा रंग बदलला की त्या बरण्या मांडायच्या. गावातली टवाळ पोरं म्हणायची, काकूनं तुरटीचं लोणचं घातलंय.

एकदा मी गेलो तर त्या बरण्यांसमोर नुसत्या बसलेल्या. म्हणाल्या, “ह्याला हलवायचं न्हाई बघ. गप बसू द्यायचं, मंग आपसूक निवळतं.” थोड्या वेळानं हसून म्हणाल्या, “मला तर सगळ्यांनी कवाचं गप बसू दिलंय. माझं काय निवळंना.” मी वाळूच्या टाकीचं झाकण उघडून आत बघत बसलो.

तुरटी सुधारली तरी मेंब्रेन दर हिवाळ्यात माखायचंच. पावसाळा निभावून न्यायचं आणि दिवाळीनंतर, तलाव शांत, पाणी आरशासारखं असताना प्रेशर चढायचं. मी तुरटीला दोष दिला, वाळू बदलली, कोळसा बदलला. काकूंनी मला दोष दिला. अमरनाथनं यंत्राच्या वयाला दोष दिला आणि एकदा नवं मेंब्रेन पाठवताना फोनवर स्पष्टच सांगितलं. फोन स्पीकरवर होता, मीही ऐकलं. “अव्वा, हे शेवटचं. हे गेलं की शेडला कुलूप. मग तू इकडे यायचंस. तिथं एकटीनं त्या यंत्राशी किती दिवस झगडायचं?” काकू “बरं” म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मागच्या बेलाकडे बघत राहिल्या. तेव्हापासून त्या फिल्टरचा काटा रोज बघायला लागल्या.

आता सत्यभामाबद्दल सांगायला हवं.

धुळाजी आणि सत्यभामा हे धनगर जोडपं. पाटोद्याकडचं. दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन डोंगरावरून खाली उतरायचं आणि काकूंच्या तलावावर मुक्कामाला यायचं. मुक्काम लांबलचक, कारण इथंच कातरणी व्हायची. घोड्यावरून पाल उतरलं की सत्यभामा पहिली काकूंच्या दारात. “आक्का, आलो बगा!” तेवढे दिवस काकूंचा चेहरा वेगळा असायचा. दुपारी दोघी तलावाच्या दगडी उतारावर बसायच्या. सत्यभामा चातीवर लोकर कातायची, काकू गहू निवडायच्या. किती बोलायच्या म्हणून सांगू! जी बाई वर्षभर “बरं हाय ना?” एवढंच बोलायची तिचं त्या दिवसांत तोंड मिटत नसे. सत्यभामाच्या पालात मटण शिजायचं, काकू इष्टलिंगाच्या पूजेशिवाय पाण्याचा घोटही न घेणाऱ्या. पण सत्यभामानं काकूंसाठी एक पितळी पेला वेगळा ठेवलेला असायचा. शेळीच्या दुधाचा चहा त्या पेल्यातून. तो पेला दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, नवऱ्यालाही नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ते शेवटचं मेंब्रेन बसवल्यावर पुढच्या हिवाळ्यात मी मुद्दाम लवकर गेलो, प्रेशर चढायला लागलं तेव्हाच. दोऱ्याची कांडी बाहेर काढली. वरून पिवळट, हाताला मेणचट. पाण्यानं धुतली, जाईना. साबण लावला, तरी बोटं चिकट. मी ती नाकाला लावली.

मेंढीचा वास. अगदी ओल्या मेंढीचा.

शेडच्या बाहेर येऊन बघितलं तर तलावाच्या उतारावर कातरलेली मेंढरं, उघडीनागडी, उन्हात उभी. मी म्हटलं, “काकू, मेंढरं पाण्यात उतरली व्हती का?”

“उतरली की!” काकू खुशीत म्हणाल्या. “परवा धुतली ना. कातरणीच्या आदी धुवावंच लागतं. लोकर निर्मळ व्हती. मी हुग्गी केलती समद्यांसाठी.”

हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. लिंगायतांकडे सणाला करतात. म्हणजे ज्या दिवशी यांच्या फिल्टरचा गळा आवळला जात होता, त्या दिवशी या बाई काठावर उभ्या राहून गोडधोड वाढत होत्या. हसावं की रडावं!

मेंढीच्या लोकरीत एक चरबी असते. धुतली की पाण्यात उतरते. तुरटीला ती दाद देत नाही, वाळूतून सुटते, कोळशाला लेपते, कांडीवर बसते आणि उरलेली थेट मेंब्रेनवर. मी इतकी वर्षं तुरटीवर भाषणं देत होतो. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी विचारलं, “पण आधी कुठं धुवायचे? धोंडप्पाकाका होते तवा तर असं होत नव्हतं.”

काकूंनी पदरानं हात पुसले. मग म्हणाल्या, “आधी पल्याड उतरायचे. सांडव्याखाली, वढ्याला. मीच म्हणलं हिकडं या. हे गेल्यावर.” पंपाच्या पाइपसाठी धोंडप्पांनी बांधलेला तो दगडी उतार दाखवत म्हणाल्या, “म्हणलं, हितं बरं पडंल मेंढरास्नी.” मेंढरांना बरं पडावं म्हणून बोलावलं नव्हतं, हे मलाही कळलं आणि त्यांनाही. पाणी ओढणारा पाइप त्याच उताराला होता.

“मंग पुन्हा सांडव्याखाली जाऊ द्या,” मी म्हटलं.

“तिथं आता वढा कुठं ऱ्हायलाय? बंद झाला. ह्यांनी म्होरं जायाला पायजे मंग, मांजरा नदीवर.” त्यांनी माझ्या हातातली कांडी घेतली, पिशवीत गुंडाळली. “त्यास्नी काई बोलू नको. मी बघते.”

मी मेंब्रेन औषधानं धुऊन त्याचं आयुष्य थोडं वाढवलं. त्या वर्षभर आम्ही दोघांनी नाना उपाय केले. पाइपचं तोंड उतारापासून लांब, पाण्याच्या मधल्या थरात नेलं. त्याला जुन्या साड्यांचे पदर गुंडाळले. धुण्याच्या दिवसांत पंप बंद ठेवता यावा म्हणून एक जादा टाकी बसवली. काकू उत्साहात होत्या, सगळं स्वतः उभ्या राहून करून घेत होत्या. पावसाळा संपला तेव्हा त्यांनी मला समोर बसवून विचारलं, “आता धुतली मेंढरं तर फिल्टर वाचंल का? खरं सांग.”

खोटं सांगता आलं असतं. पण पुढच्या हिवाळ्यात काट्यानंच सांगितलं असतं. मी म्हटलं, “अर्धं थांबंल काकू. अर्धं जाणारच. एक वरीस निघंल न निघंल.”

म्हणजे मेंढरं धुतली तर शेडला कुलूप, आणि काकू पुण्याला. बेल इथं. सत्यभामाही इथंच. आणि धुऊ नका म्हणावं तर सत्यभामा यंदाच जाणार.

दिवाळीनंतर मेंढरं उतरली त्या दिवशी मी नवी कांडी बसवायला तिथं होतो. काकूंनी मुद्दाम बोलावलं होतं. एकटीनं सांगायचा धीर होत नसावा. सत्यभामा नेहमीसारखी दारात आली, काठी भिंतीला टेकवली. काकूंनी हुग्गीचं ताट पुढे केलं आणि सांगायला सुरुवात केली ती थेट मेंब्रेनपासून. पडदे, प्रेशर, काटा. सत्यभामा तोंडाकडे बघत राहिली. शेवटी काकूंनी आतून पिशवी आणली आणि मागच्या वर्षीची ती पिवळी कांडी तिच्या हातात दिली.

सत्यभामानं ती उलटसुलट केली, नाकाला लावली आणि खळखळून हसली. “आगं बया, आमच्याच मेंढराचा वास हाय की ह्याला!” धुळाजींना हाक मारून तिनं तो वास त्यांनाही दिला. मग हसता हसता तिचं तिलाच उमगलं. कांडी हळूच ओट्यावर ठेवली.

“कवापासनं?” धुळाजींनी विचारलं.

“तुमी हिकडं उतराय लागलात तवापासनं,” काकू म्हणाल्या.

“मंग कावून न्हाई सांगितलं, आक्का? आमी दर साली तुमच्या पाण्यात घाण करताव आन तुमी आमाला गोड खाऊ घालताव!”

“सांगितलं असतं तर तुमी गेला असता.”

धुळाजी खाली बसून दगडानं जमीन उकरायला लागले. मी पाना पुसत होतो, पुसायची गरज नव्हती.

“न धुता ऱ्हावा की,” काकूंनी एकदा म्हणून बघितलं. “आसंच. मुक्कामाला.”

“न धुता कातरायचं कसं?” धुळाजी हळू आवाजात म्हणाले. “आन कातरणी जिथं, मुक्काम तिथं. मेंढरं आमाला त्येंच्या मागं वडतात, आक्का, आमी काय करावं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाल मोडलं. मी रात्री चौसाळ्यात पाहुण्यांकडे राहिलो होतो, उरलेलं काम संपवायला परत आलो तर घोडा लादून तयार. युसूफ वडगावच्या बाजूला मांजरेला पाणी होतं, तिकडे निघाले होते. काकूंनी एक जार भरून आणला. “वाटंत प्या. फिल्टरचं हाय.” आश्चर्य म्हणजे इतक्या वर्षांत सत्यभामानं ते पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं, ती तलावाचंच प्यायची. तिनं जारातून पितळी पेल्यात पाणी ओतलं, त्याच पेल्यात, आणि एक घोट घेतला. पुन्हा एक घेतला. मग तोंड वाकडं करून म्हणाली, “आक्का, ह्याला तर कायबी चव न्हाई! ह्याच्यासाठी आमाला घालवताव व्हय?”

थट्टाच होती ती. धुळाजी हसले, मी हसलो, काकू तर इतक्या हसल्या की पदर डोळ्यांना लावावा लागला. तो पदर त्यांनी मेंढरं वळणापलीकडे जाईपर्यंत काढला नाही. पितळी पेला सत्यभामानं जाताना ओट्यावर पालथा घालून ठेवला होता. “आता आमाला कशाला लागतोय,” असं म्हणाली होती. मला तिचा राग आला आणि मग माझाच आला.

फिल्टर मात्र झकास चाललं. तो हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पावसाळ्यातही काटा जागचा हलला नाही. अमरनाथ खूश. मलाही फोन करून म्हणाला, “अजिनाथभाऊ, अव्वाची काळजी मिटली बघा.” पुण्याला ये म्हणायचं त्यानं बंद केलं. काळजी मिटल्यावर फोनही कमी झाले असणार. आणि मी? मी बंद पडलेल्या फिल्टरकडे जातो. चालू फिल्टरकडे मेकॅनिकचं काय काम? त्या वर्षात मी दोनदा त्या फाट्यावरून सरळ पुढे गेलो, काम दुसरीकडे होतं.

पुन्हा दिवाळी झाली. थंडी पडायला लागली आणि एका सकाळी काकूंचा फोन. या वेळी “जेवलास का” नाही, काही नाही. “प्रेशर चढलंय अजिनाथ. लगीच ये.” मेंब्रेन गेलं तर कुलूप, हे मला पाठ होतं. औषधाचे कॅन बांधले आणि मधे मांजरसुंब्याला चहालाही न थांबता गाडी मारली.

तलावाच्या उतारावर गवत माजलं होतं. लेंड्या नाहीत, चुलीची राख नाही. डब्यापाशी एक बाप्या नाणं टाकून जार भरत होता, फोनवर बोलत. काकू दारात. “बरं हाय ना?” त्यांनी त्याला विचारलं, त्यानं मान हलवली की फोनमधल्याला हलवली, कळलं नाही.

मी आत जाऊन काटा बघितला. काटा जिथं असायला हवा तिथंच होता. टिचकी मारली. तिथंच. पाण्याची धार मागच्या वर्षीइतकीच जाड. वासानं मागं वळून बघितलं तर घरात चुलीवर हुग्गी शिजत होती. एकट्या बाईला लागेल त्याहून कितीतरी मोठं पातेलं होतं.

मला सगळं कळलं. मी पिशवीतून पाना काढला आणि ठणठणीत असलेल्या फिल्टरची झाकणं खोलायला बसलो.

काकू शेजारी पायरीवर टेकल्या. मी विचारलं, “सत्यभामाबाईचा फोन असतो का?”

“एकदा केलता मी. धुळाजीच्या फोनवर. निस्ता वारा ऐकू येत व्हता. ती मेली वरडतीया, आक्का, बरं हाय का? मी वरडले, बरं हाय. झालं. तिला फोनवर बोलाय येत न्हाई, मलाबी न्हाई. समोर लागतं मानूस.”

“युसूफ वडगावला माझं काम असतं. गाडीवर बसा, नेऊन आणतो.”

त्यांचे डोळे क्षणभर चमकले. मग शेडकडे बघून म्हणाल्या, “आन फिल्टर कोन बघंल?”

मी कांडी बाहेर काढली. वर्षभर वापरलेली, थोडीशी मळकी, पण कोरडी आणि खरखरीत. मेणचटपणाचा मागमूस नाही. माझं काम इतकं चांगलं झालेलं मी क्वचित बघितलंय, आणि इतकं वाईटही मला क्वचितच वाटलंय.

“वास येतोय का रे कशाचा?” काकूंनी विचारलं.

मी नाकाला लावली. “न्हाई काकू.”

“बघू.”

त्यांनी कांडी दोन्ही हातांत घेतली, नाकाशी धरली, डोळे मिटले. बराच वेळ तशाच बसल्या. फिरवून दुसऱ्या बाजूनं वास घेतला. मग माझ्या हातात परत देत म्हणाल्या, “न्हाईच येत. लई निर्मळ झालं बघ पानी.”

मी तीच कांडी पुन्हा बसवली. झाकणं घट्ट केली, पंप चालू केला, काट्याकडे उगाच बघितलं. काकूंनी हुग्गी वाढली, आणि चहा दिला तो त्या पितळी पेल्यात. जाताना मी म्हटलं, “पुढच्या महिन्यात येतो पुन्हा. बघावं लागंल.”

“कावून? चांगलं चाललंय की.”

“चांगलं चाललेलंबी बघावं लागतं, काकू.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग पेला उचलून आत नेताना म्हणाल्या, “घरनं जेवून निघू नको मंग तवा. हितंच जेव.”